शिअरवाले सर

भूविज्ञान विभागात प्राध्यापक बरेच असतात, पण शिअरवाले सर लांबूनच ओळखू येतात. गळ्यात लेन्स, कमरेला ब्रंटन कंपास आणि पॅंटचे गुडघे कायम मळलेले. उभ्यानं खडक बघणं म्हणजे त्यांच्या लेखी पर्यटन.

दर हिवाळ्यात ते नागपूरहून पोरांची बस भरून छिंदवाडा जिल्ह्यात कन्हानच्या पात्रात नेतात. तिथून गाविलगड–तान शिअर झोन जातो, म्हणजे जमिनीचे दोन भाग एकमेकांना घासत सरकताना खडक रगडले गेले तो पट्टा. मेळघाटाकडं त्याच्यावर दख्खनचा बसाल्ट पसरलाय आणि सरांनी बसाल्टला अजून माफ केलेलं नाही. “साडेसहा कोटी वर्षांचं पोर! येऊन थेट आजोबांच्या डोक्यावर बसलं.”

पात्रात उतरले की सर उकिडवे बसतात, खडकावर पाणी शिंपडतात आणि एक गुलाबी डोळा दाखवतात. तो फेल्डस्पारचा दाणा. जमिनीखाली खोलवर सुमारे ३०० अंशांना क्वार्ट्झ नरमतं, वाहू लागतं. फेल्डस्पार मात्र ४५०च्या पुढं जाईपर्यंत ताठ. म्हणून ग्रॅनाइट रगडला गेला तरी डोळा शाबूत राहतो, त्याला नुसत्या दोन शेपट्या फुटतात. त्या कुणीकडं वळल्यात यावरून पलीकडचा भाग उजवीकडं सरकला की डावीकडं, ते ठरतं. तेही योग्य बाजूनं पाहिलं तर. एरवी, “अरे, पाठीकडून तोंड काय बघतोस?”

एका पोरीनं त्या डोळ्यासोबत सेल्फी काढला. सेल्फी आरशासारखा उलटा आला आणि रिपोर्टात सगळ्या शिअर झोनची दिशा फिरली. तेव्हापासून सरांच्या फिल्डवर सेल्फीला बंदी आहे.

सरांचं वैर एकाशीच: शेजारच्या खोलीतले जिओकेमिस्ट्रीवाले सर. ते खडकाची भुकटी करतात, रुबिडियम, इट्रियम, नायोबियम मोजतात आणि पीअर्स मंडळींच्या १९८४ च्या आलेखात ठिपका टाकून सांगतात, हा ग्रॅनाइट खंडांच्या टकरीतला की ज्वालामुखींच्या कमानीतला. “पीठ करून कुंडली मांडतात! चार घरं आणि एक ग्रह,” इति शिअरवाले. आणि ठिपका नेमका रेघेवर पडला, की हे आठवडाभर खूश. त्यांचा स्वतःचा सवाल निराळा: ग्रॅनाइट रगडला गेला तो अर्धवट वितळलेला असताना, की पुरता थिजल्यावर? स्फटिक न मोडता नुसते एका रांगेत लागले असतील तर पहिलं. दाणेच चेपले, ताणले गेले असतील तर दुसरं. बहुतेक ठिकाणी थोडं हे, थोडं ते सापडतं, म्हणून भांडण मिटत नाही. चहा मात्र दोघं एकाच टपरीवर घेतात. पैसे जिओकेमिस्ट्रीवाले देतात, कारण प्रोजेक्ट त्यांनाच मिळतात.

सरांना जेवायला जरूर बोलवा, माणूस लाख आहे. फक्त स्वयंपाकघराचं दार लोटून ठेवा. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा असेल तर तो ग्रॅनाइटच नाही, बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो आहे, हे ते वरण वाढायच्या आत सांगून मोकळे होतील. रंगीत, नागमोडी पट्ट्यांचा असेल तर वरण निवलंच म्हणून समजा.