हडसन आहे का?

प्रत्येक तालुक्याच्या गावात एक तरी माणूस असा असतो की त्याला हवी असलेली वस्तू त्या तालुक्यात मिळणेच शक्य नसते. गेवराईत कापूस मिळतो, ऊस मिळतो, निवडणुकीचा अंदाज तर न मागता मिळतो. पण रिचर्ड हडसन यांचे १९६९ सालचे 'इन्फ्रारेड सिस्टिम इंजिनिअरिंग' मिळत नाही, आणि या गृहस्थाला नेमके तेच हवे असते. फारच झाले तर वुल्फ आणि झिसिस यांनी संपादित केलेले १९७८ चे 'इन्फ्रारेड हँडबुक' चालेल, इतपत तडजोडीची त्याची तयारी असते. वयाने निवृत्तीच्या आगेमागे, पेशाने भौतिकशास्त्राचा शिक्षक किंवा मोटारी रिवाइंड करणारा. पुण्याला लग्नाला गेला की अक्षता पडेपर्यंत कसाबसा थांबतो आणि पंगत बसायच्या आत अप्पा बळवंत चौक गाठतो. मुंबईत त्याला फाउंटनचे पदपथ तेवढे ठाऊक, हैदराबादेत अबिड्सचा रविवारचा पुस्तकबाजार. गावातला रद्दीवाला तर त्याला लांबून पाहूनच सांगतो, "नाही आलं सर. दहावीचं गाईड देऊ का?"

गाव त्याला हसते, आणि हसण्याजोगा तो आहेच. पण त्याचे दुखणे खरे आहे. विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे तापमापी ठेवली आणि न दिसणारी उष्णता, म्हणजे आजचे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण, पकडली. त्यावरचे त्याचे निबंध आज कोणालाही फुकट वाचता येतात. यंदा निघालेले पुस्तक पैसे टाकून मिळते. हाल होतात ते मधल्यांचे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राखीव असतात. तोवर दुसऱ्या कोणाला ते छापता येत नाही, आणि ज्याला छापता येते त्याला गिऱ्हाईक दिसत नाही. उरते ग्रंथालय. तिथे कपाटाला कुलूप, म्हणून पुस्तक कोणी नेत नाही. कोणी नेत नाही, म्हणून त्याचे निर्लेखन होते. पुढे ज्ञान किलोवर जाते, आणि सुट्या पैशांवरून घासाघीसही होते.

यावर शहाणी माणसे म्हणतात, जुने ते शिळे झाले, हळहळायचे कशाला? अर्धे खरे आहे. हडसनच्या काळी चांगल्या संवेदकाला द्रव नायट्रोजनने गार ठेवावे लागे. आता तसे न करताही चालणारे संवेदक निघाले, तेव्हा त्या प्रकरणांवर खुशाल धूळ बसू द्यावी. पण तापलेली वस्तू किती प्रारण सोडते, त्यातले हवा किती अडवते आणि किती जाऊ देते, यात कोणत्याही कंपनीने नवे मॉडेल काढलेले नाही. माणसाच्या कातडीचे प्रारण तेव्हाही साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास सर्वांत तीव्र होते, आजही आहे. दुसरा आक्षेप गेवराईचा खास: आपल्याला काय करायचे त्याचे? करोनात ज्याच्या कपाळावर ते पांढरे पिस्तूल रोखले गेले त्याने हे विचारू नये. जूनमध्ये ढगांची उपग्रहचित्रे मोबाईलवर मोठी करकरून पाहणाऱ्याने तर नाहीच. रात्रीचे ढग दिसतात ते अवरक्त किरणांच्याच कृपेने. आणि जिनिंगमध्ये मोटारीच्या चकचकीत धातूवर तसलेच पिस्तूल रोखले, तर आकडा फसवा येतो. घासलेला धातू स्वतःचे प्रारण फार थोडे सोडतो आणि आजूबाजूचेच परत फेकतो. मोटार भाजते आहे आणि पिस्तूल म्हणते सगळे आलबेल. कोणत्या पृष्ठभागाची उत्सर्जकता किती, याचे तक्ते असल्या ग्रंथांत पानोपानी असतात.

"मग पीडीएफ उतरवून घ्या की सर," हा तिसरा आक्षेप, आणि तो सर्वांत वजनदार. काही ग्रंथ तसे मिळतातही. पण स्कॅन करणाऱ्याला पाने मोजायची असतात, वाचायची नसतात. घडीचा आलेख घडीतच राहतो, बारीक रेषांचा काळा लगदा होतो, तिनाचा आठ होतो. कादंबरीत एक अक्षर पुसले तर वाचक अंदाजाने पुढे जातो. तक्त्यात अंदाज चालला असता तर तक्ता लागलाच नसता.

इतकी वकिली केल्यावर आरोपीचा एक गुन्हा मात्र कबूल केलाच पाहिजे. परदेशी विक्रेत्याला पुस्तकापेक्षा जास्त टपालखर्च देऊन हडसन एकदाचा घरी आला, की हा गृहस्थ त्याला प्लास्टिकचे कव्हर घालतो, कपाटात ठेवतो आणि किल्ली जानव्याला नाहीतर करदोट्याला बांधतो. जिनिंगचा वायरमन तक्ता मागायला आला तर त्याला आधी हात धुवायला सांगतो, आणि हात धुऊन आला तर उद्या यायला. ज्या कुलपावरून ग्रंथालयाला त्याने आयुष्यभर दोष दिला, तेच आता त्याच्या घरात आहे. फरक एवढाच की इथे निर्लेखनाची सहीसुद्धा लागत नाही, त्याच्या पश्चात सूनबाई रद्दीवाल्याला हाक मारतील तेवढी पुरते. म्हणून गावाने त्याला हसणे सोडून त्याच्याकडे पुस्तक मागायला लागावे. मागणारे वाढले की किल्ली सैल होते. आणि नाहीच झाली, तर निदान अवरक्त किरणांवरून भांडणारा महाराष्ट्रातला पहिला तालुका म्हणून गेवराईचे नाव होईल.