किती पैकी?

"अगो, ऐकलंस का? त्या मुलाला सहा पॉइंट एकच."

माईंनी हे गडग्यावर आमसुलं पसरता पसरता सांगितलं, तेही आवाज अगदी खाली आणून. मला आधी काही बोध होईना.

"सहा पॉइंट एक काय? उंची?"

"उंची पाच-नऊ. ती वेगळी लिहिलीय. हे मार्क गो! बायोडाटावर ठळक छापलंय. बी.एस्सी., मुंबई विद्यापीठ, २०१४, सीजीपीए ६.१. आणि आपल्या भाचीला ८.२! मुलगा थोडा कमी शिकलेला चालतो एक वेळ, पण इतका ढ? मी आजच नको म्हणून कळवते."

कॉलेजच्या ऑफिसात निकालाच्या टेबलावर माझी नोकरी गेली. आता निवृत्त झाले तरी आळीतल्या प्रत्येक पोराचं ग्रेडकार्ड एकदा माझ्या ओटीवरून फिरून जातं. तेव्हा माईंनी फोन उचलायच्या आत बोलणं मला भाग होतं.

"माई, कळवू नका. ते सहा पॉइंट एक सातपैकी आहेत."

"सातपैकी? सातपैकी कोण मार्क देतो?"

"आपलंच विद्यापीठ देत होतं."

माईंचा हात आमसुलांवर थांबला. मग मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. २०११-१२ साली मुंबई विद्यापीठानं क्रेडिट आणि ग्रेडची पद्धत आणली, ती रत्नागिरी-सिंधुदुर्गापर्यंतच्या सगळ्या कॉलेजांना लागू झाली. त्या वर्षी एफवायला बसलेली पोरं ही पहिली बॅच. सत्तर आणि वर असेल तर 'ओ', त्याचे सात पॉइंट. साठ ते सत्तर 'ए', सहा. पंचावन्न ते साठ 'बी', पाच. असं उतरत उतरत जो चाळीसच्या खाली, तो नापास, आणि त्यालाही एक पॉइंट.

"नापासाला एक?"

"हो."

"बरे होते की गो," माई म्हणाल्या. "आमच्या वेळी नापासाला फक्त वडिलांची छडी."

"मग २०१६-१७ पासून दहाची पट्टी आली. तिच्यात ऐंशीला 'ओ', दहा. सत्तरला 'ए प्लस', नऊ. साठला 'ए', आठ. पंचावन्नला सात, पन्नासला सहा, पंचेचाळीसला पाच, चाळीसला चार. त्याखाली शून्य. नापासाचा तो एक पॉइंटही काढून घेतला. आता बघा, तुमच्या त्या मुलाची सातच्या पट्टीवर ग्रेड कुठली आली? 'ए'. आणि भाचीची दहाच्या पट्टीवर? तीही 'ए'. घ्या, पत्रिका जुळली."

"मग मेल्यांनी बायोडाटावर 'सातपैकी' असं लिहायला नको?"

हे मात्र माईंचं बरोबर होतं. ग्रेडकार्डावर ग्रेडचा तक्ता छापलेला असतो, पण तो पाहतो कोण? नोकरीच्या फॉर्मात एकच चौकोन असतो आणि त्यात एकच आकडा मावतो. त्या पहिल्या दोन-चार बॅचच्या पोरांनी ह्यापायी किती हेलपाटे घातले ते मी टेबलाच्या अलीकडून पाहिलंय. कंपनीत 'किमान साठ टक्के' ही अट. पोरगा चांगला 'ए' ग्रेडचा. समोरचा साहेब ६.१ ला दहानं गुणून म्हणणार, एकसष्ट, कसाबसा बसलास हो. की पोरगा पुन्हा आमच्या खिडकीशी हजर: "मॅडम, टक्केवारीचं सर्टिफिकेट द्या." ज्या टक्केवारीला निरोप द्यायला एवढी यंत्रणा उभी केली, तिचेच दाखले आम्ही शिक्का मारून वाटत होतो.

एवढ्यात ओटीवरून आप्पा उठून आले. आप्पांनी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं. पेपरच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीनं काही मांडल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नाही.

"पण ह्या पॉइंटनं नुकसान काय होतं ते सांग," आप्पा म्हणाले. "ज्याला मार्क जास्त, त्याला पॉइंट जास्त. सरळ आहे."

"तसं सरळ नाही हो आप्पा. मांडा. पाच पेपर, प्रत्येकी शंभर मार्कांचे, सगळ्यांना चार-चार क्रेडिट. पहिल्या मुलाला ८०, ८०, ७०, ७०, ६०."

"तीनशे साठ. बहात्तर टक्के."

"दुसऱ्याला ७९, ७९, ७९, ६९, ६९."

आप्पांनी मान हलवत बेरीज केली. "तीनशे पंचाहत्तर. पंचाहत्तर टक्के. दुसरा वर."

"आता पॉइंट द्या. पहिल्याला दहा, दहा, नऊ, नऊ, आठ. दुसऱ्याला नऊ, नऊ, नऊ, आठ, आठ."

पेन्सिल थांबली. पहिल्याची सरासरी ९.२, दुसऱ्याची ८.६. पंधरा मार्क कमी असलेला पोरगा पुढे गेला! आप्पांनी ते पुन्हा केलं. मग उलटीकडून केलं. मग काहीच न बोलता माईंच्या ताटातलं एक आमसूल उचलून तोंडात टाकलं. आप्पा फार अस्वस्थ झाले की आंबट खातात.

"म्हणजे अन्यायच की," माई म्हणाल्या.

"अन्याय म्हणण्यापेक्षा पायऱ्या आहेत. सत्तरवर पाय ठेवणारा आणि एकोणऐंशीपर्यंत चढलेला एकाच पायरीवर. एक मार्क आणखी मिळाला की वरची पायरी."

ह्याचा परिणाम आमच्या खिडकीवर कसा व्हायचा ते ऐका. पूर्वी पुनर्मूल्यांकनाला येणारी पोरं ठरलेली असत. कुणी पास व्हायला दोन मार्कांनी हुकलेला, कुणी एकोणसाठवर अडकून फर्स्ट क्लास गेलेला. बाकीचे आपापल्या घरी. ग्रेड आल्यावर प्रत्येक पायरीखाली एक रडका घोळका तयार झाला. चव्वेचाळीसवाले, एकोणपन्नासवाले, चोपन्नवाले, एकोणसाठवाले, एकोणसत्तरवाले आणि सगळ्यात मोठ्यानं रडणारे एकोणऐंशीवाले. त्यांच्या आया तर विचारूच नका. "आमच्या मुलाला ओ मिळालाच असता," म्हणून उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी काढून घरी दत्ताच्या तसबिरीखाली ठेवणारी एक बाई मला माहीत आहे. नाव सांगणार नाही, ती ह्याच आळीत राहते.

"कोण गो? ती पिंपळापलीकडची?" माईंनी लगेच विचारलं.

"नाव सांगणार नाही म्हटलं ना."

"कळलं, कळलं."

मला स्वतःला ग्रेडचा राग नाही. एकाहत्तर आणि त्र्याहत्तर यांत खरा फरक काय असतो? तपासणाऱ्यानं एक पेपर चहाच्या आधी पाहिला आणि दुसरा नंतर, एवढाच. दोन मार्कांवरून पोरांची लायकी ठरवू नये म्हणून सगळ्यांना एका अक्षराखाली आणायचं, हा विचार शहाण्याचा होता. अमेरिकेतल्या विद्यापीठांत ही पद्धत जुनीच. आपल्याकडे आयआयटीवाल्यांनी ती लवकर उचलली. कानपूरची आयआयटी १९५९ ला निघाली आणि तिला घडवायला अमेरिकेतली नऊ विद्यापीठं मदतीला होती. पवईच्या आयआयटीत आजही एए, एबी, बीबी अशा जोडाक्षरी ग्रेड देतात, एएला दहा, एबीला नऊ. ते ठीक. पण आपण काय केलं? एका मार्काचा फरक खोटा म्हणून मार्क पुसून अक्षर दिलं. मग त्या अक्षराचा परत आकडा केला. मग त्या आकड्यांची सरासरी काढली आणि ती दोन दशांश स्थळांपर्यंत छापली. आता पोरं ८.६१ आणि ८.६३ वरून भांडतात. मार्कांच्या वेळी निदान भांडण पूर्णांकात तरी होतं!

"आणि टक्के काढायचे तर कसे काढतात गो?" माईंचं लक्ष अजून बायोडाटावरच होतं.

"ज्याला जसे परवडतील तसे."

आप्पांनी पेपर पुन्हा पुढे ओढला. त्यांच्या त्या ९.२ वाल्या मुलाचंच घेतलं. कुणी सरळ दहानं गुणतो : ९२. सीबीएसईनं दहावीला ग्रेड दिल्या त्या काळात त्यांचा गुणक साडेनऊचा होता. तो त्यांच्याच दहावीच्या निकालांवरून काढलेला, पण लोकांनी तो सगळीकडे लावला : ८७.४. इंजिनिअरिंगवाल्यांच्या एआयसीटीईच्या पुस्तिकेत तक्ता आहे. ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ८.२५ म्हणजे ७५. थोडक्यात पाऊण वजा करायचं आणि दहानं गुणायचं : ८४.५. आणि पोराचे खरे मार्क?

"बहात्तर," आप्पा खिन्नपणे म्हणाले.

"तरी मी विचारत होते," माई उसळल्या, "माझ्या नणंदेच्या नातवाला एकदम ब्याण्णव टक्के कुठून आले! पेढे वाटले होते तिनं. अर्धा किलो."

त्यावर थोडा वेळ नणंदेचंच चाललं. ते इथे लिहीत नाही.

आप्पांना आणखी एक शंका होती. दहाची पट्टी यूजीसीनं सांगितली, तर मग सगळ्या विद्यापीठांचे आठ सारखेच असणार? तसंही नाही. यूजीसीनं अक्षरं आणि त्यांचे पॉइंट दिले, पण किती मार्कांना कुठलं अक्षर हे ज्याचं त्यानं ठरवायचं. म्हणजे पुण्याचे आठ आणि मुंबईचे आठ एकाच ताजव्यात घालता येतीलच असं नाही. शिवाय क्रेडिटचं वजन आहे. चार क्रेडिटच्या पेपरात 'ए' मिळाला तर चार गुणिले आठ, बत्तीस. दोन क्रेडिटच्या विषयात 'ओ' मिळवला तर वीस. आता नव्या शैक्षणिक धोरणात योग, एनएसएस, खेळ असल्यांनाही दोन-दोन क्रेडिट आहेत. केमिस्ट्रीत घसरलेला पोरगा सूर्यनमस्कार घालून थोडा वर येतो.

"त्यात वाईट काय?" आप्पा म्हणाले. ते रोज घालतात.

"वाईट काहीच नाही. आणि हे सगळे क्रेडिट आता बँकेत जमा होतात. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. २०२१ पासून. तीन वर्षांच्या डिग्रीला किमान एकशे वीस, चार वर्षांच्या डिग्रीला एकशे साठ. मधे शिक्षण सोडलं तरी खात्यात राहतात, पुन्हा येऊन पुढे शिकता येतं."

"व्याज मिळतं?"

"नाही माई."

"मग कसली बँक!"

माई आमसुलं उलटी करायला लागल्या, म्हणजे विषय संपला असं मला वाटलं. पण त्यांना मधेच आठवलं. वरच्या आळीतल्या बाईंचा मुलगा जर्मनीला एमएस करायला निघाला होता. त्याच्या आईनं माईंना काल रडत फोन केला होता, कारण त्याचे इथे ९.२ होते आणि तिकडच्या कागदावर १.४ झाले.

"हुशार पोरगा गो! असं कसं केलं त्याचं? आपल्या लोकांना मुद्दाम कमी देत असतील."

"माई, जर्मनीत एक सगळ्यात वरचा. चार म्हणजे जेमतेम पास. त्यांचं एक सूत्र आहे. आपल्या पट्टीचे सर्वात जास्त पॉइंट आणि पास व्हायला लागणारे पॉइंट, ह्या दोन टोकांमधे मुलगा कुठे बसतो ते पाहतात आणि त्यांच्या मापात घालतात. दहा सर्वात जास्त, चारला पास, मग ९.२ चे होतात १.४. उत्तम आहे ते."

आप्पांनी लगेच करून पाहिलं. दहातून ९.२ गेले, उरले ०.८. त्याची तिप्पट २.४. भागिले सहा, ०.४. त्यात एक मिळवा. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि सबंध सकाळीत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. कुठेतरी, जर्मनीत का होईना, हिशोब लागत होता.

"म्हणजे आंब्याच्या पेटीसारखं," माई म्हणाल्या. "आठ डझनीपेक्षा चार डझनी पेटी महाग. आकडा लहान, फळ मोठं."

ह्यावर मला काही सुधारणा सुचवता आली नाही.

"मग तिला फोन करून सांगते, रडू नकोस म्हणून," माईंनी पदराला हात पुसले. "आणि त्या मुलाकडच्यांनाही लावते. पण विचारू कसं? स्थळ सांगून आलेलं, लगेच मार्कांवरून बोलले तर वाईट दिसतं."

"सरळ विचारा की. ६.१ ते किती पैकी?"

"तेच विचारते. आणि त्याच बोलण्यात पगाराचंही विचारून घेते. बारा लिहिलाय नुसता. महिन्याचे बारा हजार की वर्षाचे बारा लाख, कोण जाणे."