मेकॅनिकल आहे ना!

तारीखरावांना तुम्ही ओळखता. बँकेत चेकवर तारीख घालताना, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या वार्षिक सभेत ते आपल्या शेजारच्याच खुर्चीवर असतात. सहज म्हणून त्यांना "आज तारीख काय हो?" असं विचारावं, तर ते आधी बाही वर सरकवतात, मग चष्मा कपाळावर चढवतात आणि उलट आपल्यालाच विचारतात, "खरी, की घड्याळातली?" घड्याळ स्वित्झर्लंडचं असतं, काही लाखांचं असतं, आणि त्यातली तारीख मध्यरात्री बदलायची ती भर दुपारी बदलत असते, नाहीतर अठरा आणि एकोणीस यांच्या मधोमध अडकून दोघांचीही अर्धी अर्धी शकलं दाखवत असते. एवढे पैसे मोजून आजची तारीखसुद्धा कळत नाही का, असं कुणी म्हणालंच, तर तारीखराव रागावत नाहीत. ते समजूतदारपणे हसतात आणि म्हणतात, "मेकॅनिकल आहे ना!" लोक याला श्रीमंतीचा माज म्हणतात. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर सांगायला हवं.

आधी बिघाडाचीच जात पाहू. तासकाटा दिवसातून दोनदा फिरतो, त्यामुळे दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा यांत काही फरक असतो हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नसतं. ठाऊक असतं ते आतल्या एका चाकाला. ते चोवीस तासांत एकदाच फिरतं आणि त्या फेरीत एकतीस दात्यांचं तारखेचं कडं एका दात्याने पुढे ढकलतं. तारीख दुपारी बदलत असेल तर घड्याळ बिघडलेलं नसतं, वेळ लावणाऱ्याची बारा तासांची गफलत झालेली असते. काटे बारा तास पुढे फिरवले की काम झालं. बारा वाजून सात मिनिटांनी बदलत असेल तर काटे बसवताना अंमळ सरकले, इतकंच. कारागीर त्याला दोष म्हणायलाही सहसा तयार नसतात. मधोमध अडकत असेल तर मात्र प्रकरण गंभीर. कड्याला जागेवर धरून ठेवणारी एक स्प्रिंग असते, तिला जंपर म्हणतात. ती ढिली पडली, तेल सुकलं, किंवा कुणी नको त्या वेळी तारीख फिरवून दाता वाकवला, की कडं अर्ध्यावर थांबतं. नको ती वेळ म्हणजे साधारण रात्री नऊ ते पहाटे तीन. त्या काळात चाकाचा दाता कड्यात गुंतत असतो, आणि बाहेरून चावी ओढून तारीख पुढे ढकलायला गेलं तर आत काहीतरी मोडतं. हे सहा तास तारीखराव ग्रहणाचे वेध पाळावेत तसे पाळतात. घरातल्या कुणीही त्या वेळात घड्याळाला हात लावायचा नाही. ज्यांना तशी इच्छा आजवर कधी झालेली नाही त्यांनाही ते हे दर महिन्याला बजावतात. माजाचा सिद्धान्त पहिली ठेच खातो ती इथे. माज करणाऱ्याला घड्याळाची किंमत पाठ असते, जंपरचं नाव नसतं.

शिवाय माज करणारा माणूस व्यंग झाकतो. रोलेक्सने १९४५ साली डेटजस्ट आणलं आणि १९५०च्या दशकात तारखेच्या खिडकीवर आकडा अडीचपट मोठा दाखवणारं भिंग बसवलं. तेव्हापासून सुखवस्तू माणसाची तारीख हातभर अंतरावरून वाचता येते, आणि चुकलेली असेल तर तीही अडीचपटच चुकलेली दिसते. तारीखरावांच्या घड्याळालाही असं भिंग असतं, आणि ते ते समोरच्याच्या नाकाखाली धरतात: "बघा, बघा, अडकलंय!" आवाजात तक्रार औषधालाही नसते. मग दुरुस्त का करून घेत नाहीत, कंजूष आहेत का? तसंही नाही. सर्व्हिसिंगचं कोटेशन त्यांच्या पाकिटातच असतं आणि पैसे भरायची तयारीही असते. धास्ती असते ती घड्याळ दुरुस्तीला गेल्यावरच्या दिवसांची, जेव्हा मनगट रिकामं असेल आणि पंगतीत बोलायला विषय नसेल.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. हाच माणूस इतरत्र असा क्षमाशील असतो का? मुळीच नाही. स्वयंपाकाच्या मावशी दहा मिनिटं उशिरा आल्या, तर तारीखराव त्याच चुकार घड्याळाकडे बोट दाखवून त्यांना वेळेचं महत्त्व सांगतात. रिक्षाचं मीटर, डेक्कन क्वीन, कुरिअरवाला, कुणालाच माफी नाही. दोन-तीनशे रुपयांचं भिंतीवरचं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याकाठी काही सेकंदांपलीकडे सहसा चुकत नाही, पण ते एकदा बंद पडलं की "भिकार माल" म्हणून माळ्यावर जातं. उलट स्विस क्रोनोमीटरच्या कसोटीत दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे इतकी सूट मिळते, आणि त्या सुटीचं प्रमाणपत्र ते दिवाणखान्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. यावरून असा निष्कर्ष काढता येईल की माणसाची सहनशीलता वस्तूच्या किमतीबरोबर वाढत जाते. निष्कर्ष सोपा आहे, पण अपुरा आहे. तारीखरावांची मोटार घड्याळाहून महाग असते, आणि तिच्या डॅशबोर्डातून जराशी कुरकुर ऐकू आली की ते थेट ग्राहक मंचाची भाषा बोलू लागतात. मोटारीच्या बाबतीत "मेकॅनिकल आहे ना!" होत नाही, कारण तिच्यात नेमकं काय बिघडलं ते हल्ली कुणी सांगतच नाही. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा लॅपटॉप जोडतो, "सेन्सर असेल" म्हणतो आणि सगळा डबाच बदलून टाकतो. मावशींच्या उशिरालाही काहीतरी कारण असणारच, पण ते त्यांनी कधी विचारलेलं नाही. घड्याळाच्या पाठीला मात्र काच आहे. सेकंदाला आठ ठोके देणारं ते इवलंसं चाक तिथे डोळ्यांना दिसतं. (तारखेचं यंत्र पुढच्या बाजूला, तबकडीखाली असतं, ते त्या काचेतून दिसत नाही. पण हे तारीखरावांना सांगून बघा.) किमतीसाठी ते कुणालाच माफ करत नाहीत. पण ज्या दोषाचं कारण समोर आहे, निदान आहे असं वाटतं, त्या दोषावर त्यांना रागावताच येत नाही.

अगदीच कोंडीत सापडले की ते पंचांग काढतात. "आपल्याकडे तिथी कुठे मध्यरात्री बदलते?" युक्तिवाद वाटतो तितका उथळ नाही. तिथी चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतरावर चालते. कधी विसेक तासांत संपते, कधी सव्वीसपर्यंत रेंगाळते. सूर्योदयाला जी असेल तिचं नाव दिवसाला मिळत असल्याने एखादी तिथी चक्क गाळली जाते आणि एखादी दोन दिवस मुक्काम करते. त्यामुळे कडं दोन दिवस वीसवरच बसून राहिलं की तारीखराव "वृद्धी आहे" म्हणतात, आणि एका रात्रीत दोन घरं उडालं की "क्षय". याला उत्तर एवढंच, की पंचांगकर्ते तो क्षय वर्षभर आधी तास-मिनिटांसकट छापून देतात, आणि तारीखरावांचं घड्याळ तो सकाळी दात घासताना कळवतं. हा मुद्दा मांडला की ते क्षणभर गप्प होतात, मान डोलावतात आणि म्हणतात, "मेकॅनिकल आहे ना!" ते घड्याळाला उद्देशून असतं की चंद्राला, याचा खुलासा होत नाही.

आता तर हे वाक्य घड्याळापुरतं राहिलेलंच नाही. गुडघा कुरकुरतो, तो मेकॅनिकल आहे. सोसायटीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबते, तेव्हा बाहेर उभे राहून ते आतल्यांना हाच दिलासा देतात. ऐकणाऱ्याला वैताग येतो, आणि यायलाच हवा. तरीही इथे, काहीशा नाइलाजाने, त्यांची बाजू घ्यावी लागते. त्यांच्या वडिलांच्या मनगटावर बहुधा एचएमटीचं 'जनता' असायचं. त्याला रोज चावी द्यायची, आणि तारीख त्यात नाहीच. तारीख राहायची स्वयंपाकघरात, १९७३ नंतर बऱ्याच घरांत कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांच्या खुणांसकट. घड्याळ रुसलं तर नाक्यावरचा घड्याळजी डोळ्याला भिंग लावून कारण सांगायचा, आणि ते कारण चिमट्याने उचलून तळहातावर ठेवायचा. तारीखरावांच्या वाट्याला पुढे जे बिघाड आले ते असे तळहातावर मावणारे नव्हते. हक्काची बढती का हुकली, जुन्या मित्राने बोलणं का टाकलं, मुलाचा रविवारचा फोन पंधरवड्यावर कसा गेला, यातलं कुठलं चाक कुठे अडकलं ते कुणीही उघडून दाखवलेलं नाही. सबंध आयुष्यात एकच बिघाड असा आहे की ज्याचं नाव, जागा आणि उपाय तिन्ही त्यांना माहीत आहे. तो एकदाचा दुरुस्त करून टाका, असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय काढून घेतो, याचा आपण विचार केलेला नसतो.

दुरुस्ती अर्थात होतेच, कधी ना कधी. तारीख मध्यरात्री टक्कन बदलू लागते आणि तारीखराव आठवडाभर हिरमुसलेले दिसतात. मग एक तारीख येते आणि त्यांना तरतरी येते. कड्यावर आकडे एकतीस, आणि वर्षातले पाच महिने त्याहून आखूड. म्हणजे घड्याळ कितीही ठणठणीत असलं तरी वर्षातून पाचदा तारीख हाताने पुढे न्यावीच लागते. त्या पाच सकाळी घरातून आवाज येतो, "अहो, तुमचा एकतीस जून संपला असेल तर दूधवाल्याचे पैसे द्या." हाही त्रास नको असणाऱ्यांसाठी पाटेक फिलिपने १९९६ साली वर्षातून एकदाच, फेब्रुवारीअखेर लावावं लागणारं मनगटी घड्याळ काढलं. त्याहून थोर म्हणजे पर्पेच्युअल कॅलेंडर. लंडनच्या थॉमस मज यांनी ती करामत अठराव्या शतकातच खिशातल्या घड्याळात करून दाखवली होती. त्याला लीप वर्षंसुद्धा कळतात, आणि ते चालू ठेवलं तर २१०० सालापर्यंत तारखेला हात लावावा लागत नाही. त्या वर्षाला शंभराने भाग जातो पण चारशेने जात नाही, म्हणून ते लीप नाही. चाकांना हे गणित येत नाही. ती २८ फेब्रुवारीनंतर २९ दाखवणार. शोरूममधला विक्रेता हे अभिमानाने सांगतो, आणि साठी उलटलेले तारीखराव खरोखरच काळजीत पडतात, की त्या दिवशी ते नीट कोण करणार? ते घड्याळ त्यांनी घेतलेलं नाही, घेणं परवडणारंही नाही. पण त्या काळजीतून आहे त्याच घड्याळाच्या डबीत त्यांनी मुलासाठी एक चिठ्ठी लिहून ठेवली आहे. पहिलंच कलम: रात्री नऊ ते पहाटे तीन तारखेस हात लावू नये. मुलगा न्यू जर्सीत असतो आणि त्याच्या मनगटावर रोज चार्जिंगला लावायचं घड्याळ असतं. चिठ्ठीचा फोटो पाहून त्याने फोनवर एवढंच विचारलं, "नऊ ते तीन, पण कुठले? तुमच्याकडचे की इकडचे?" तिकडे तारीख उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास उशिरा बदलते, हा मुद्दा चिठ्ठीत घालायचा राहूनच गेला होता. तारीखराव सध्या पुरवणी लिहायला बसले आहेत.