एटीपी काका

आमच्या सोसायटीत सगळ्यांचं वर्ष पाडव्याला सुरू होतं, एटीपी काकांचं मेलबर्नला. संक्रांतीच्या सुमारास तिळगूळ घेऊन जावं, तर हे पहाटे साडेपाचपासून ऑस्ट्रेलियन ओपन लावून बसलेले. आषाढीच्या आगेमागे विम्बल्डन, गणपतीच्या दिवसांत यूएस ओपन आणि फराळाचे डबे रिकामे झाले की तुरीनला वर्षातल्या पहिल्या आठ जणांची फायनल्स. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाच्या खाड्यांशेजारी रंगीत पेनांच्या खुणा आहेत. हार्ड कोर्टाला निळी, मातीला तांबडी, हिरवळीला हिरवी. काळं पेन काकूंचं. त्यानं त्या गॅस सिलिंडर लावल्याची तारीख लिहितात.

काकांनी जन्मात रॅकेट धरलेली नाही. डास मारायची धरतात, पण तिचाही बॅकहँड कच्चा आहे.

मग टेनिसमध्ये यांचा जीव अडकला कशात? मला ते कळायला बरीच वर्षं लागली. काका बँकेतले. त्यांना खेळापेक्षा खेळाची खातेवही प्रिय. एटीपीच्या क्रमवारीत ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्याला २००० गुण, त्याखाली १०००, ५००, २५० अशी उतरंड. आणि मिळालेले गुण टिकतात फक्त ५२ आठवडे.

“एका वर्षाची मुदत ठेव आहे रे ही,” काका चष्मा कपाळावर सरकवून सांगतात. “पण आपोआप रिन्यू होत नाही! गेल्या वर्षी रोमला हजार जमा केलेस आणि यंदा लवकर हरून घरी आलास, की संपलं. क्रमवारीत तू गडगडलास.”

एखादा तरुण खेळाडू जिंकून कोर्टवर लोळत असतो, लोक उभे राहून टाळ्या वाजवत असतात, तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर काळजी असते. पुढच्या वर्षी हा एवढे गुण राखणार कसे?

पण माणूस अगदीच कोरडा नाही. १४ जुलै २०१९ ची रात्र आठवा. लॉर्ड्सवर क्रिकेटच्या विश्वचषकाची फायनल सुपर ओव्हरकडे निघालेली, सगळी सोसायटी क्लबहाउसमध्ये. काका एकटे घरी, विम्बल्डनसमोर. पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७ पुढे, ४०-१५, स्वतःची सर्व्हिस, दोन मॅच पॉइंट हातात. नेमक्या त्याच वेळी काकू रक्तदाबाची गोळी आणि पाणी घेऊन टीव्हीसमोरून गेल्या. दोन्ही पॉइंट गेले. ४ तास ५७ मिनिटांनी जोकोविच जिंकला. काकांच्या मते तो सामना काकूंनी घालवला. तेव्हापासून मॅच पॉइंट आला की काकूंनी जिथे असतील तिथेच थांबायचं. एकदा त्या कुकरची चौथी शिट्टी होईपर्यंत दारात उभ्या होत्या. वरण लागलं.

काकांच्या भाग्याचा काळ म्हणजे बालेवाडी. २०१८ मध्ये चेन्नईची एटीपी स्पर्धा पुण्याला, बालेवाडीत आली आणि काकांना घरबसल्या जावई मिळाल्यासारखं झालं. पुढच्या वर्षीच्या फायनलला त्यांनी मलाही ओढत नेलं. एकीकडे केव्हिन अँडरसन, सहा फूट आठ इंच; दुसरीकडे इव्हो कार्लोविच, सहा फूट अकरा. रॅली म्हणावी अशी फारशी नाहीच. सर्व्हिस, धप्, टाळ्या. तिन्ही सेट टायब्रेकला गेले. माझ्या शेजारचा पोरगा दुसऱ्या सेटमध्ये वडापाव आणायला गेला तो परतलाच नाही. काका मात्र मांडीवर वही ठेवून एकेक एस टिपत होते, आणि अधूनमधून माझ्या कानात, “जगातला सहावा, अरे! आणि कुठे? तर बालेवाडीत!”

अँडरसन जिंकला. परत येताना औंधच्या सिग्नलला काकांनी रिक्षावाल्यालाही स्कोअर सांगितला. त्यानं विचारलं, “भारताचे किती झाले?”

२०२३ नंतर ती स्पर्धा पुण्यात झाली नाही. काका त्याबद्दल एवढंच म्हणतात, “शाखा बंद केली.”

तुम्हाला त्यांची ओळख करून घ्यायची असेल तर जरूर जा, माणूस अगत्याचा आहे, काकूंचा चहाही चांगला असतो. फक्त सोमवारी जाऊ नका. सोमवारी नवी क्रमवारी लागते, आणि काकांची वही टॅली झाल्याशिवाय घरात कुणी बोलत नाही.