धारपरीक्षा आणि मैंदर्गीचा अंगठा

खिशातल्या चाकूची धार तपासणे आणि त्या चाकूने प्रत्यक्ष काही कापणे या दोन स्वतंत्र क्रिया असून, बहुतेक चाकूंच्या आयुष्यात पहिलीचे प्रमाण दुसरीहून पुष्कळ अधिक भरते, हे या विषयाच्या अभ्यासकाने आरंभीच ध्यानात घ्यावे. सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे नगरपरिषदेचे गाव या अभ्यासास विशेष सोयीचे आहे. कारण कर्नाटकाच्या सीमेलगतच्या या गावात कानडी आणि मराठी दोन्ही चालतात, भोवती रब्बी ज्वारीचे शिवार आहे, आणि त्यामुळे बंडीच्या खिशातला चाकू, कणसे खुडण्याचा विळा, सुपारीचा अडकित्ता आणि स्वयंपाकघरातली विळी अशी धारेची सगळी घराणी तेथे एकाच पंचक्रोशीत नांदतात.

परीक्षेचे सर्वमान्य साधन म्हणजे अंगठा. तो पात्याच्या कडेवर हलकेच, धारेला आडवा फिरवायचा असतो. लांबीच्या दिशेने फिरवल्यास निकाल अधिक निःसंदिग्ध मिळतो, परंतु तो परीक्षक पुढची परीक्षा दुसऱ्याकडे सोपवतो. या वेळी मान किंचित तिरकी होते, नजर चाकूवर न राहता समोरच्या भिंतीवर स्थिरावते, आणि काही क्षणांनी जो ‘हं’ उमटतो तो कोणत्या भाषेतला हे ठरवण्याची मैंदर्गीत कोणाला गरज वाटत नाही. या पद्धतीस अडाणी समजण्याचे कारण नाही. स्वीडनमधील संशोधकांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार, मानवी बोट पृष्ठभागावरून फिरताना सुमारे 13 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या लक्षांशाच्या आसपास उंचीच्या सुरकुत्याही ओळखू शकते. अडचण एवढीच, की ती बोटे प्रयोगशाळेतली होती. रब्बी ज्वारी पुष्कळदा कापण्याऐवजी मुळासकट उपटून काढतात, आणि त्या कामातून उठलेल्या अंगठ्याला पुढचे काही दिवस गावातले सगळेच चाकू सारखेच बोथट लागतात.

अंगठ्याला फसवणारी आणखी एक गोष्ट आहे. दगडावर एका बाजूने पाते घासत गेल्यास कडेवरचे पोलाद दुसऱ्या बाजूस वळून तेथे अतिशय पातळ अशी कड उभी राहते. ती बोटाला कमालीची तिखट लागते, मालक खूश होतो, आणि पहिल्या कांद्यालाच ती कड आडवी पडून खरी धार, किंवा तिचा अभाव, उघडकीस येतो. ही खोटी धार ओळखण्यासाठी बोट पात्याच्या पाठीकडून कडेबाहेर, दोन्ही बाजूंनी फिरवून पाहतात; एकाच बाजूला ते अडखळले, तर धार लावणे अपुरे राहिले आहे असे समजावे. डोळ्यांनी करावयाची परीक्षा याहून प्रामाणिक आहे. चाकू उजेडात, कड आपल्याकडे करून धरला असता बोथट जागी पांढरी बारीक रेघ चमकते, कारण उजेड परतवण्याइतकी रुंदी तेथे तयार झालेली असते. तिखट कड मात्र दिसतच नाही. म्हणजे ज्याला आपल्या चाकूची धार लखलखताना दिसते, त्याच्यापाशी धार नाही, एवढे निश्चित. मात्र ही गोष्ट चाकूच्या मालकास समजावण्याच्या फंदात शहाण्याने पडू नये.

नखावर पाते टेकवून ते निसटते की धरते हे पाहणारे, वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून चिरणारे, आणि मनगटावरचे केस उतरवणारे असे आणखी तीन संप्रदाय आहेत. कागदवाल्यांना कागदाचे तंतू बहुतांशी एका दिशेला असतात हे ठाऊक असते. म्हणून चाकू स्वतःचा असेल तर ते तंतूंच्या दिशेने चिरतात आणि दुसऱ्याचा असेल तर आडवे. केसवाल्यांची गोष्ट अधिक करुण आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी 2020 साली दाखवून दिले, की केस पोलादाहून सुमारे 50 पट मऊ असूनही, तो वाकून विशिष्ट कोनात पात्यावर आला तर कडेचे सूक्ष्म टवके उडू शकतात. तेव्हा ज्याचे मनगट गुळगुळीत, त्याचा चाकू तिखट, ही समजूत फार तर परीक्षेच्या पहिल्या दिवसापुरती खरी धरता येईल.

टोमॅटोची परीक्षा शास्त्रदृष्ट्या उत्तम होय, कारण बाहेर ताणलेली चिवट साल आणि आत रस असल्याने जरा बोथट पातेही सालीवरून घसरते किंवा ती दाबून फोडते. ही परीक्षा नेहमी भाजीवाल्याच्या टोमॅटोवर, त्याच्या गाड्यापाशी आणि भाव विचारण्यापूर्वी घेतली जाते.

या साऱ्या अनागोंदीवर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने आयएसओ 8442-5 हे मानक सिद्ध केले. त्यात चाकू यंत्रात धार वर करून आवळतात आणि विशिष्ट कागदी पट्ट्यांची चळत ठरावीक भाराने त्यावर दाबून मागेपुढे हालचालीने कापतात. पहिल्या तीन फेऱ्यांत किती खोल कापले यावरून तिखटपणा, आणि एकूण 60 फेऱ्यांवरून धार किती टिकते ते ठरते. पाते लवकर झिजावे म्हणून त्या कागदात सुमारे 5 टक्के सिलिका, म्हणजे वाळूचाच घटक, मुद्दाम मिसळलेली असते. ज्वारी ही गवताच्या कुळातली असल्याने तिच्या ताटात सिलिका मुळातच असते, त्यामुळे कडब्याच्या पेंढ्या तोडणारा मैंदर्गीचा विळा हीच परीक्षा दर हंगामात देत आला आहे. फक्त त्याला प्रमाणपत्र मिळत नाही. प्रमाणपत्राचाही फारसा उपयोग नसतो, कारण ते हाती येईपर्यंत तपासलेला चाकू बोथट झालेला असतो. हाच परिणाम गावात यंत्राशिवाय साधतात: पोत्याची सुतळी कापायची म्हणून शेजाऱ्याने चाकू मागून नेला, की संध्याकाळपर्यंत त्याने सुतळी, रबरी नळी, रंगाच्या डब्याचे झाकण आणि सायकलीचा एक स्क्रू अशा क्रमाने सर्व चाचण्या पुऱ्या केलेल्या असतात, आणि चाकू परत करताना तो अंगठा फिरवून, धारेत पूर्वीसारखी मजा राहिली नाही, असा अभिप्रायही विनामूल्य देतो.