ब्लोडाऊनकाका

फुकट सल्ला देणारा माणूस प्रत्येक गावाला लाभलेला असतो. कुणाचा विषय गुडघे, कुणाचा शेअर बाजार, कुणाचा मुलांची लग्नं. आमच्या नवापुरातल्या काकांचा विषय पाणी. त्यांचं खरं नाव आधार कार्डावर आहे. गाव त्यांना ब्लोडाऊनकाका म्हणतं.

काका तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत बॉयलर अटेंडंट होते. प्रथम श्रेणीचं सर्टिफिकेट त्यांच्या ओटीवर गणपतीच्या शेजारी लावलेलं आहे आणि उदबत्ती दोघांनाही ओवाळली जाते. बॉयलरमधलं पाणी वाफ होऊन जातं, क्षार मात्र तळाशी राहतात. ते साचत गेले की नळ्यांवर खपली धरते आणि एखाद्या दिवशी तापलेली नळी फुटते. म्हणून अधूनमधून व्हॉल्व्ह उघडून थोडं खारट पाणी सोडून द्यायचं आणि ताजं आत घ्यायचं. याला ब्लोडाऊन म्हणतात. काकांनी नोकरीभर हे इमानेइतबारे केलं आणि त्यांच्या हाताखालचा बॉयलर कधी फुटला नाही. निवृत्त झाल्यावर हाताशी बॉयलर उरला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःचं शरीर चालवायला घेतलं.

पहाटे चारला उठून दीड लिटर. मग दर तासाला अर्धा. जेवणाआधी, जेवणानंतर, झोपताना. दिवसाचा कोटा सात लिटर. त्यासाठी खुणा केलेली बाटली, आणि कंपनीतल्यासारखं लॉगबुक: वेळ, आवक, जावक, रंग, शेरा. ‘रंग’ हा काकांच्या खास आस्थेचा रकाना. फिकट पिवळा रंग तब्येतीला उत्तम, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. काकांना मात्र नळाच्या पाण्यासारखाच रंग हवा. शिवाय ही चौकशी ते स्वतःपुरती ठेवत नाहीत. साखरपुड्याला आलेल्या व्याह्यांना पहिला चहा व्हायच्या आधी त्यांनी विचारलं होतं, “बाकी ठीक, पण रंग कसा आहे?” व्याह्यांना वाटलं, मुलीच्या वर्णाबद्दल विचारताहेत. लग्न मोडता मोडता राहिलं.

काकूंची तक्रार वेगळीच. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मचूळ, नळाला पाणी येणार ते एक दिवसाआड. “मी पंप लावून टाकी भरते आणि हे रिकामी करतात,” असं त्या शेजारणींना सांगतात. याच पालघर जिल्ह्यात मोखाड्याच्या पाड्यांवर बायका उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, आणि हे पाण्याचा कोटा संपवायला धडपडतात, हा विरोधाभास काकूंना दिसतो. काकांना दिसत नाही, कारण ते त्या वेळी बहुधा ‘जावक’मध्ये असतात.

विरोधाभास तेवढ्यावर थांबत नाही. एमआयडीसीतलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी पाइपलाइनने आमच्याच नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं. त्यावरून मच्छीमार वर्षानुवर्षं ओरडताहेत, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. पाण्यात काय आहे याची चिंता अख्ख्या गावाला, आणि पाणी किती प्यायचं याची एकट्या काकांना. ग्रामसभेत पाइपलाइनचा विषय तापला की काका उठून सांगणार, “आधी सगळ्यांनी एकेक ग्लास पाणी घ्या.”

काकांचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे ‘आठ ग्लास’. हे शास्त्राने सांगितलंय, असं ते ठणकावून सांगतात; मग मी सात लिटर पितो म्हणजे शास्त्राच्याही पुढे, असा हिशेब. या आठ ग्लासांचा उगम बहुधा असा: 1945 साली अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने मोठ्या माणसाला दिवसाला अडीच लिटर पाणी पुरे, असं लिहिलं. लगेच पुढच्या वाक्यात म्हटलं होतं की यातलं बरंचसं पाणी अन्नातूनच मिळतं. पहिलं वाक्य जगभर फिरलं, दुसरं जागच्या जागी राहिलं. 2002 साली हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडाच्या अभ्यासकाने आठ ग्लासांचा पुरावा शोधायला घेतला, तर त्याला धड काही सापडलं नाही. शिजलेल्या भाताच्या वजनात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असतं. त्यावर आमटी किंवा कालवण, मग चहा, मेमध्ये ताडगोळे. नवापूरचा माणूस पाणी जेवतच असतो. काका हे मोजत नाहीत, कारण भाताला लिटरच्या खुणा नसतात.

काकांची खरी जुगलबंदी नाक्यावर सुकट-बोंबील विकायला बसणाऱ्या बायशी. बाय सकाळी मीठ घातलेली पेज पिऊन घराबाहेर पडते आणि दुपारपर्यंत उन्हात बसते. काका बाटली पुढे करतात.

“नको काका, तहान नाही.”

“तहान लागली म्हणजे उशीर झाला, बाय!”

“मग भूक लागायच्या आधी जेवू का? आणि झोप यायच्या आधी घोरू?”

वैद्यकशास्त्र या बाबतीत बायच्या बाजूने आहे. रक्त एक-दोन टक्के जरी दाट झालं, तरी मेंदूला कळतं आणि घसा कोरडा पडतो. अपाय व्हायला अजून बराच अवकाश असतो. म्हणजे तहान ही उशिरा वाजणारी घंटा नव्हे. मुतखडा असलेल्यांना डॉक्टर जास्त पाणी प्यायला सांगतात, म्हाताऱ्यांची तहान मंदावते, भट्टीशी किंवा उन्हात राबणाऱ्यांनी पाणी प्यायलाच हवं. पण घामाबरोबर मीठही जातं, म्हणून जुलाब-उलट्यांवरच्या पुडीत मीठ आणि साखर दोन्ही असतात. बायच्या पेजेत मीठ आहे, भात आहे, पाणी आहे. काकांच्या बाटलीत फक्त पाणी.

सात लिटरवाल्याचा प्रवास हाही पाहण्यासारखा प्रकार. एप्रिल 2013 मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली तेव्हा सगळ्या पट्ट्याने पेढे वाटले, काकांनी मात्र पहिला प्रश्न विचारला, “आत सोय आहे का?” नव्हती. बोईसरहून विरारपर्यंत जवळजवळ तासभर, आणि काकांचा व्हॉल्व्ह दर पाऊण तासाला. त्यामुळे बोरिवलीला लेकीकडे जाताना ते उमरोळी सोडून पालघरला उतरतात, पुढची गाडी धरतात, मग सफाळ्याला उतरतात. लेक फोनवर विचारते, “बाबा, कुठपर्यंत आलात?” काका फलाटाच्या टोकाकडे धावत सांगतात, “जावक चालू आहे.” लोक या मार्गावरची गावं चिकूमुळे, मासळीमुळे ओळखतात. काकांकडे वेगळाच नकाशा आहे.

हे असंच हसतखेळत चाललं असतं. पण काकांना ब्लड प्रेशरची गोळी सुरू झाली, लघवीवाटे मीठ-पाणी काढून टाकणारी. काकांनी आपल्या बुद्धीने जेवणातलं मीठही जवळजवळ बंद केलं: मीठ म्हणजे क्षार, क्षार म्हणजे खपली. त्यात वैशाखाचं ऊन वाढलं, म्हणून सात लिटरचे नऊ झाले. डोकं दुखायला लागलं. उपाय? पाणी. मळमळायला लागलं. उपाय? आणखी पाणी. एके दुपारी लॉगबुकात ‘रंग’ या रकान्यात त्यांनी ‘बोईसर’ लिहिलं. सुनेला विचारलं, “तुझी शिफ्ट सुटली का?” आणि काकूंना “मॅडम, जरा सरकता का?” म्हणाले. एवढ्या वर्षांच्या संसारात काकांनी त्यांना इतक्या अदबीने कधी हाक मारली नव्हती. काकूंनी तेव्हाच ओळखलं, काहीतरी गंभीर आहे. रिक्षा थेट दवाखान्यात.

सोडियम 118. असायला हवं 135 ते 145.

आता ‘सोडियम कमी झालं’ हे वाक्य घराघरात ऐकू येतं. कुणाचे तरी आजोबा असंबद्ध बोलायला लागतात, दवाखान्यात नेलं की हेच कळतं. कारणं अनेक असतात. काकांनी तीन एकत्र जमवली होती. मूत्रपिंडं दिवसाला 180 लिटरच्या आसपास गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत घेतात; त्यांना ब्लोडाऊन शिकवायला कुणी जावं लागत नाही. पण जास्तीचं पाणी बाहेर टाकायचा त्यांचा वेग तरुणपणीही ताशी साधारण एक लिटरच्या आतबाहेर; वय झालं, वर अशी गोळी असली आणि खाण्यात मीठ नसलं की तोही बराच घटतो. त्याहून जास्त पाणी आत गेलं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि पाणी पेशींत शिरून त्या फुगतात. बाकी शरीराला फुगायला जागा आहे, मेंदूला नाही. डॉक्टरांनी काकांच्या मुलाला हे समजावलं तेव्हा अर्धवट शुद्धीतले काका खाटेवरून पुटपुटले, “कवटीला सेफ्टी व्हॉल्व्ह दिलेला नाही.” निदान बरोबर होतं.

हा थट्टेचा विषय नाही, हेही सांगायला हवं. 2007 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या एका रेडिओ केंद्राने लघवी न करता सर्वांत जास्त पाणी कोण पितं, अशी स्पर्धा ठेवली. बक्षीस होतं व्हिडिओ गेमचं यंत्र. त्यात भाग घेतलेली तीन मुलांची आई घरी जाऊन मरण पावली; वय 28. त्याआधी 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये अशाच कारणाने एक धावपटू दगावली होती. त्याच शर्यतीत 488 जणांचं रक्त तपासलं, तर 13 टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. अशा धावपटूंपैकी बऱ्याच जणांचं वजन शर्यत संपल्यावर वाढलेलं होतं. बेचाळीस किलोमीटर धावून वजन वाढवायचं, म्हणजे वाटेत किती पाणी रिचवलं असेल! बॉयलरमध्ये क्षार हा शत्रू. रक्तात तोच राखणदार. काकांची उपमा फक्त एवढ्या एकाच ठिकाणी चुकली होती, पण नेमकी तिथेच चुकायला नको होती.

दवाखान्यात काका लवकर रुळले. तिथे प्रत्येक खाटेला आवक-जावकीचा तक्ता लावलेला असतो, हे पाहून त्यांना माहेरी आल्यासारखं वाटलं. सिस्टरचं अक्षर नीट नाही म्हणून त्यांनी दोन नोंदी स्वतः पुन्हा लिहिल्या. तीन टक्क्यांचं मिठाचं सलाईन लागलं तेव्हा विचारलं, “टीडीएस वाढवताय?” डॉक्टर म्हणाले, हो, पण अगदी हळूहळू, चोवीस तासांत आठ-दहाच्या वर जाऊ द्यायचं नाही, घाई केली तर मेंदूलाच इजा होते. काकांनी मान डोलावली. थंड बॉयलर एकदम तापवत नाहीत, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

खरी शिक्षा पुढेच होती. दिवसाला फक्त एक लिटर पाणी, तेही घोटाघोटाने. तिसऱ्या दिवशी दुपारी काकांचा घसा कोरडा पडला. ही काय नवीन व्याधी म्हणून त्यांनी बेल दाबली. सिस्टर म्हणाली, “काका, तुम्हाला तहान लागलीय.” तिने मापात पन्नास मिलिलिटर पाणी दिलं. काकांनी ते तोंडात घोळवलं, गिळलं आणि संशयाने मापाकडे पाहिलं.

“यात काय घातलंय?”

“काही नाही. साधं पाणी.”

“गोड लागतंय.”

इतकी वर्षं रोज सात लिटर पाणी पोटात गेलं, पण तहानेने एक घोट कधी घेतला नव्हता. सिस्टरकडून आणखी पन्नास मिलिलिटर मागून त्यांनी ते वीस मिनिटं पुरवलं.

दवाखान्यातून सुटून काका नाक्यावर आले तेव्हा गावाला वाटलं, आता हा माणूस गप्प बसेल. काका आले ते नवं रजिस्टर घेऊनच. आवक-जावक गेली, रंग गेला. नवा रकाना ‘तहान’. पंथ बदलला तरी बाणा तोच. “पाणी पिणं महत्त्वाचं नाही, तहान लागणं महत्त्वाचं,” असं रिक्षावाल्यांना सांगून ते बायपाशी आले. “दिवसाला चार तहाना झाल्याच पाहिजेत, बाय. आज किती झाल्या तुझ्या?”

“मला कुठे मोजायला सवड, काका? दोन झाल्या असतील.”

“दोनच? मग जरा उन्हात बसत जा.”

सकाळपासून उन्हातच बसलेल्या बायने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, पाटीतली सुकट कागदात बांधली आणि पुढे केली.

“ही न्या. खाल्लीत की चाराच्या आठ होतील. काढा शंभर रुपये.”