नाना कॉन्ट्रास्ट

टोकावड्यात कुणाकडे नवा टीव्ही आला की पेढे वाटायच्या आधी एक माणूस दारात हजर होतो. चपला काढतो, टोपी सारखी करतो आणि म्हणतो, "पाणी राहू दे, रिमोट दे." हे नाना. त्यांना दुसरं नावही आहे, पण ते रेशनकार्डापुरतं. गावात ते नाना कॉन्ट्रास्ट.

रिमोट हातात आला की नाना नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे दिसायला लागतात. मान थोडी तिरकी, एक डोळा बारीक. घरची मंडळी चिडीचूप. मग निदान येतं, आणि ते प्रत्येक घरात एकच असतं: "नीळ जास्त झालीय."

माणूस विक्षिप्त आहे, पण निदान खोटं नाही. मुरबाडच्या म्हणा, कल्याणच्या म्हणा, दुकानात टीव्ही ओळीनं लावलेले असतात आणि वर ट्यूबलाइटचा लखलखाट. त्या गर्दीत गिऱ्हाइकाची नजर आपल्यावरच पडावी म्हणून प्रत्येक जण पावडर-लाली लावून उभा. उजेड पूर्ण चढवलेला, रंग भडक, आणि पांढऱ्यात निळं मिसळलेलं. निळसर पांढरं डोळ्याला जास्त पांढरं वाटतं, हे आपल्या आयाबायांना टीव्ही यायच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. शेवटच्या बादलीत निळीचे चार थेंब त्यासाठीच. या थाटाला मेनूत 'व्हिव्हिड' म्हणतात. पुष्कळदा टीव्ही घरी येतो तोही त्याच थाटात, लग्नाचा मेकअप न उतरवता नवरीनं दुसऱ्या दिवशी आवणीला जावं तसा.

सिनेमावाले रंग ठरवताना पांढरा धरतात तो साधारण ६५०० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या साध्या उजेडाचा. नानांची व्याख्या केल्विनपेक्षा सोपी आहे. "आषाढात दुपारी आभाळ भरलेलं असताना बांधावर उभा राहा आणि आपल्या धोतराकडं बघ. तो पांढरा."

"पण धोतराला नीळ मी घालते," नानी चुलीपाशून म्हणाल्या. "एकदा विसरले तर चार दिवस बोलला नाहीत."

नाना त्यावर खोकले. अडचणीच्या प्रश्नाला त्यांचं उत्तर नेहमी खोकल्यातच असतं.

या व्यसनाचं मूळ घराच्या कौलांवर आहे. भारतात रंगीत दूरदर्शन १९८२ साली आलं, दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या वर्षी. आमच्याकडे त्यानंतरही बराच काळ कृष्णधवलच होतं. १९८७ साली रामायण सुरू झालं तेव्हा एका ओटीवर अर्धा गाव बसायचा आणि पोरसवदा नाना छपरावर अँटेना धरून उभे. "आलं का?" "आलं, आलं! गेलं!" "आता?" "हात काढू नको!" सीताहरण त्यांनी असं कानांनी पाहिलं. खाली काचेपुढं तिरंगी प्लास्टिकचा कागद लावलेला असे, वर निळा, मध्ये गुलाबीसर, खाली हिरवा. त्यामुळे आभाळ निळं आणि जमीन हिरवी दिसे, पण हनुमान उडाला की निळा, उतरला की हिरवा. एका रविवारी नाना खाली आले, त्यांनी ते पाहिलं, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्या दिवसापासून त्यांची झोप गेली.

पुढं पुतण्या डोंबिवलीला स्थायिक झाला. त्यानं पासष्ट इंची टीव्ही घेतला आणि तो नीट लावायला पैसे देऊन माणूस बोलावला. कॅलिब्रेशनवाला. नाना मुद्दाम एसटी पकडून बघायला गेले. त्या माणसानं खिडक्यांचे पडदे ओढले, टीव्ही अर्धा तास नुसता तापू दिला आणि पडद्यासमोर एक लहानसं यंत्र टांगलं. मग करडे चौकोन. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकामागून एक. यंत्र प्रत्येक चौकोन मोजणार, लॅपटॉप सांगणार तांबडं किती चढलंय, निळं किती, आणि तो माणूस मेनूत एकेक काटा सरकवणार. तीन तास. पुतण्याची बायको मध्येच झोपून उठली. नानांनी डोळा हलवला नाही. "असा पिक्चर जन्मात पाहिला नाय," ते सांगतात.

पुतण्यानं किती मोजले तो आकडा नानांनी घरी सांगितला, तेव्हा नानी एवढंच म्हणाल्या, "तेवढ्यात शेळी येते. आणि ती दूध देते."

नानांनी त्या टीव्हीचे सगळे आकडे एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर उतरवून आणले आणि महिनाभर घरोघरी तेच लावत सुटले. वास्तविक यंत्रवाल्यानं बजावलं होतं की एकाच कंपनीचे, एकाच साच्यातले दोन टीव्हीही सारखे निघत नाहीत. एकाचे आकडे दुसऱ्याला लावणं म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा घालणं. नानांनी हे ऐकलं होतं, पण लग्नपत्रिका हातात होती. त्या महिन्यात गावातल्या अनेक घरांत बातम्या देणाऱ्या बाई आजारी दिसत होत्या. "टीव्हीला कावीळ झालीय," एका म्हातारीनं जाहीर केलं. नाना म्हणाले, "डोळ्याला निळीची सवय झालीय, म्हणून पिवळं वाटतंय. दोन दिवस पथ्य पाळा." यातलं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं आहे. दोन दिवस पथ्य मात्र कुणीच पाळलं नाही.

मग त्यांनी घरगुती अवजारं काढली. आकाशकंदिलाचा निळा जिलेटिन कागद डोळ्याला लावून ते रंगपट्ट्या बघतात आणि निळ्या पट्ट्या सारख्या दिसेपर्यंत 'कलर'चा काटा फिरवतात. ही युक्ती टीव्हीच्या धंद्यात जुनी आणि मान्य आहे, फक्त तिथं आकाशकंदील फाडत नाहीत. काळ्यासाठी त्यांचं माप वेगळं: "अमावास्येला गोठ्यात काळी म्हैस जेवढी दिसते तेवढीच दिसली पाहिजे. नाय दिसली तर ब्राइटनेस कमी, शेपूट मोजता आली तर जास्त." हिरव्यासाठी ते पावसाळ्यात खाचरातली भाताची काडी उपटून आणतात आणि क्रिकेट चालू असताना पडद्याला लावून धरतात. "असलं हिरवं कुठं असतं? ह्यो रंग गवताचा नाय, फरसाणातल्या वाटाण्याचा हाय."

त्यांचा खरा वैरी मात्र 'मोशन स्मूदिंग'. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांचा. टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनानं रचून भरतो, मग भारी सिनेमाही दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. टॉम क्रूझनं २०१८ च्या डिसेंबरात व्हिडिओ काढून लोकांना हे बंद करायची विनंती केली होती. नाना ते अशा थाटात सांगतात की टॉम क्रूझ वैशाखरे गावचा कुणी पाहुणा वाटावा. पुढच्या वर्षी टीव्ही कंपन्या आणि सिनेमावाल्यांनी मिळून 'फिल्ममेकर मोड' काढला, एक बटण दाबलं की ही सगळी करणी उतरते. नाना त्याला 'अंगाऱ्याचं बटण' म्हणतात.

२९ जून २०२४. बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना, आमच्याकडे रात्रीचे साडेअकरा होत आलेले, बाहेर पाऊस, आणि नवलाची गोष्ट म्हणजे लाइट शाबूत. शेवटचं षटक, दक्षिण आफ्रिकेला सोळा हव्यात, हार्दिक पंड्या धावत सुटलेला. चाळीसेक माणसं श्वास धरून. अशा वेळी नानांना चेंडूमागं पुसट शेपटी दिसली. रिमोट त्यांच्याच मांडीवर होता. मिलरनं चेंडू उचलला, कॅमेरा लाँग ऑफकडं वळला, आणि सीमारेषेवर नेमका एक काळा चौकोन उघडला: शार्पनेस, कलर, मोशन. चौकोनामागं काय चाललंय ते आम्हाला शेजारच्या घरातून आलेल्या आरोळीनं कळलं. सूर्यकुमारनं झेल घेतला, चेंडू वर फेकला, रेषेबाहेर जाऊन परत आत आला आणि पुन्हा पकडला. आम्ही 'मोशन: मध्यम' वाचत होतो.

"रिप्ले बघा," नाना शांतपणे म्हणाले. "आता निर्मळ दिसंल."

दिसला, हे कबूल करावं लागतं. पण क्रिकेट मुळात चोवीस चित्रांचं नसतंच, दुपटीहून जास्त असतं. त्या रात्री अंगाऱ्याची गरज नव्हती, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मी घरी टीव्ही घेतला तेव्हा स्वतःहून नानांना विचारलं, "यंत्रवाला बोलवू का?" मला वाटलं, होच म्हणतील. त्यांनी ओटीवर एक फेरी मारली. टीव्ही बत्तीस इंची, समोर पश्चिमेचं दार, दार दिवसभर उघडं. "आरं, आधी दार लोट," ते म्हणाले. "त्याला पैसे पडत नाय. मग सिनेमा मोड लाव, टोन वॉर्म कर, बारा आण्याचं काम झालं. मोठा टीव्ही, अंधारी खोली आणि रोज सिनेमा बघणारा माणूस असला, तर उरलेल्या चार आण्यांसाठी यंत्रवाला. तू काय बघतोस? बातम्या. त्या कशाही लावल्या तरी भडकच."

तिसऱ्या दिवशी माझे डोळे निवळले. आता दुसऱ्यांकडचा टीव्ही बघवत नाही, म्हणजे लागण झाली म्हणायची. फक्त पाहुणे आले की मी गुपचूप व्हिव्हिड लावतो. नवा टीव्ही फिका का, असं कुणी विचारायला नको.

परवा मेहुणे येऊन गेले आणि मी परत बदलायचं विसरलो. तेवढ्यात नाना आले. पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि काही न बोलता खुर्ची उचलून दाराकडं तोंड करून बसले. बाहेर आभाळ भरलेलं, आवणी नुकती झालेली, खाचरं उजळलेली. मी चहा टाकला. नाना बराच वेळ शेताकडं बघत होते. मग मान तिरकी झाली, एक डोळा बारीक झाला.

"हिरवा जरा जास्तच हाय," ते म्हणाले.